न फेडलेल्या नवसाचा रकाना

अकरा फेब्रुवारी, संध्याकाळी साडेपाच. ठिकाण बऱ्हाणपूर, बुधवारा पेठेत बांगड्यांच्या दुकानावरची खोली. रक्कम चार लाख रुपये. पैकी दोन लाख त्याच दिवशी खात्यात जमा, उरलेले दोन काम पास झाल्यावर. हजर: सौरभ, ज्याचं ते ऑफिस, रिझवान, जो तिथे चित्रं काढतो, सौरभची आई सुशीलावहिनी, ज्या डबा द्यायला आल्या होत्या आणि करार कसा करतात ते पाहायला थांबल्या, आणि मी. पैसे देणारी कंपनी हैदराबादची. तिची माणसं कॉम्प्युटरच्या पडद्यावर हजर होती. वहिनींनी त्यांनाही पेढा दाखवला.

हे सगळं आधीच लिहून टाकतो, कारण पुढे देवी, पीर, शनिमहाराज आणि एक राक्षस येणार आहेत, आणि हा माणूस हवेत बोलतो आहे असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

मी बावीस वर्षं एका लूमच्या कारखान्यात हिशेब लिहिले. मालकाने लूम विकून टाकले तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. सौरभ माझ्या मित्राचा मुलगा. मित्र आता नाही. पोरगा पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आला आणि त्याने व्हिडिओ गेम बनवायचं ऑफिस काढलं. मला म्हणाला, "महाजनकाका, जीएसटीचं तेवढं बघा." मी जीएसटी बघायला गेलो आणि तीन महिन्यांत देवांना आकडे लावायला बसलो.

हे कसं झालं ते समजायचं तर धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. गोळ्या झाडायचे आणि गाड्या पळवायचे गेम वेगळे. आमच्या प्रकारच्या गेममध्ये खेळणाऱ्याने एक सोंग घ्यायचं असतं. आमच्याकडचं सोंग म्हणजे एक तरुण वाटसरू. मुलताईला तापीचा उगम आहे, तिथून तो निघतो आणि काठाकाठाने बऱ्हाणपूरला येतो. तापी ही सूर्याची मुलगी, शनीची बहीण. तिचं पाणी अवर्षण नावाच्या राक्षसाने चोरलं आहे. (हा राक्षस आम्ही केलेला. पुराणात शोधू नये.) वाटेत देवळं, दर्गे, गुरुद्वारा, कबीरपंथी मठ, सगळं लागतं, कारण आमच्या इथल्या वाटेवर ते सगळं लागतंच. वाटसरू सुरुवातीला अगदी लेचापेचा असतो. माणसांना भेटून, कामं करून, कुठे डोकं टेकवून तो हळूहळू ताकदवान होतो आणि शेवटी राक्षसाला भिडतो.

आता ही ताकद म्हणजे काय? तर आकडा. वाटसरूची ताकद बारा. राक्षसाची नऊशे. साध्या काठीच्या फटक्याने तीन जातात, देवीच्या प्रसादाने वीस वाढतात. पडद्यावर दिसतात ती रिझवानची चित्रं, पण आत सगळा आकड्यांचा तक्ता आहे. एक आकडा जास्त झाला तर गेम पोरखेळ होतो, एक कमी झाला तर खेळणारा कंटाळून उठतो. या तक्त्याचा तोल सांभाळणं हे एक स्वतंत्र काम असतं. सौरभ ते रात्री जेवताना एका हाताने करायचा. मी एकदा पाहिलं आणि म्हटलं, "अरे, तुझ्या बेरजा जुळत नाहीत." तेव्हापासून तक्ता माझ्याकडे.

घरी हे सांगणं अवघड गेलं. माझी बायको मंगल हिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे देवीला किती मार्क द्यायचे ते तुम्ही ठरवणार?" मी म्हटलं, मार्क नाहीत, ताकद. ती म्हणाली, "तुमची किती लिहिली?"

पहिली अडचण शनिमहाराजांची आली. सौरभने लिहिलं होतं की वाटसरूने तेल वाहिलं नाही तर साडेसाती लागते. किती वेळ? तो म्हणाला, साडेसात तास. मी गृहस्थ माणूस, मला ते बरोबर वाटलं. खरं तर सवलतच वाटली. पण रिझवानने खेळून पाहिलं. साडेसात तास त्याचा वाटसरू चालताना पडत होता, त्याची भाकरी कुत्री नेत होती आणि होडी प्रत्येक वेळी समोरून सुटत होती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काका, इतना तो असली जिंदगी में भी नहीं होता." शेवटी साडेसात मिनिटांवर तडजोड केली. तरी खेळून पाहणाऱ्यांत तेल वाहणाऱ्यांचं प्रमाण चांगलं राहिलं.

दुसरा प्रसंग असीरगडावरचा. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं आहे की कपाळावरच्या जखमेसाठी तेल-हळद मागत एक चिरंजीव त्या गडावर फिरतो. गेममध्ये तो हवाच होता. पण जो मरत नाही त्याच्या आयुष्याच्या रकान्यात काय लिहायचं? रिझवान म्हणाला, अनंत लिहा. सौरभ म्हणाला, मशीनला अनंत कळत नाही, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव लिहा, कोण एवढं मारणार आहे. मी लिहिलं. त्यानंतर एका रविवारी ऑफिसात वीज होती आणि सौरभला दुसरं काम नव्हतं. त्याने साध्या काठीने मारून मारून दुपारपर्यंत चिरंजीवाला ठार केलं. मी आलो तेव्हा तो पडद्याकडे बघत बसला होता. म्हणाला, "काका, मेले ते." ज्याला मारणं कोणाला जमलं नव्हतं तो माझ्या आकड्यामुळे गेला, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्या रकान्यात आता आकडा नाही. तिथे 'लागू नाही' असं आहे, आणि तो माणूस फक्त तेल मागतो.

गिऱ्हाइकं म्हणाल तर गेम तयार व्हायच्या आधीच यायला लागली. गणपतीत आम्ही मंडळात पडदा लावून थोडा भाग दाखवला होता. आठ दिवसांत तुकईथडहून एक गृहस्थ आले. केळीची शेती, पांढरा सदरा, हातात पिशवी. पाणी प्याले आणि म्हणाले, त्यांच्या गावच्या मारुतीला आम्ही ऐंशी ताकद दिली आहे आणि शेजारच्या गावच्या मारुतीला ब्याऐंशी, हे खरं आहे का? मी तक्ता काढला. खरं होतं. ब्याऐंशी का दिले हे मला सांगता येईना. बहुधा तो पुढचा मुक्काम होता म्हणून. मी त्यांना म्हटलं, भाऊ, मारुती शेवटी एकच. ते म्हणाले, "तेच म्हनतो ना मी. एकच आहे तर मग त्यायच्याकडे दोन जास्त कसे?" मी त्यांच्यासमोर दोन्हीकडे शंभर लिहिले. त्यांनी खात्री करून घेतली, पिशवीतून केळी काढून टेबलावर ठेवली आणि जाताना दारातून म्हणाले, "आमच्या इकडं मूर्ती जरा उंच आहे, पन राहू द्या."

अशी कामं चालली होती. पण ज्यावर सगळं अडलं ती गोष्ट वेगळीच होती, आणि ती माझ्या तक्त्यात होती.

गेममध्ये सतरा ठिकाणी नवस बोलता येतो. हे माझं सुचवणं. वाटसरूने देवीला म्हणायचं, मला बळ दे, मी पाच नारळ वाहीन. बळ लगेच मिळतं, नारळ नंतर वाहायचे. दर्ग्यावर चादर, तापीत दिवे, असं ठिकाणाप्रमाणे. मी तक्त्यात नीट दोन रकाने केले: 'काय मिळेल' आणि 'काय द्यायचे'. मला ते काम फार आवडलं होतं. सौरभनेही कौतुक केलं होतं.

काम पास करायचं की नाही हे हैदराबादला मेघना नावाच्या बाई ठरवणार होत्या. अख्खा गेम खेळून त्यातली खोट काढणं हाच त्यांचा हुद्दा. त्यांनी पास केलं की उरलेले दोन लाख आणि पुढच्या गेमचं काम. नापास केलं तर काय होणार हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. दोन लाखांतले दीड खर्च झाले होते. खोलीचं भाडं, रिझवानचा पगार, माझा पगार, वीज. सौरभकडे हैदराबादच्याच दुसऱ्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं. हा गेम गेला की ऑफिस बंद करून तो तिकडे जाणार, आणि वहिनी बुधवाऱ्यातल्या घरात एकट्या. त्या हे कधी बोलायच्या नाहीत. फक्त डबा आणला की विचारायच्या, "त्या बाईंचं आलं का काही?"

आलं ते असं. मेघनाबाईंनी पहिल्याच दिवशी सतरा ठिकाणी सतरा नवस बोलले, सगळं बळ गोळा केलं, एकही नवस फेडला नाही आणि सरळ जाऊन राक्षसाला एका फटक्यात मारलं. शेवटची लढाई चार सेकंदांत संपली. त्या लढाईची चित्रं रिझवानने पाच महिने काढली होती: राक्षसाचे ढग, कोरडी नदी, तडकलेली जमीन. त्यातलं काही म्हणजे काही बाईंना दिसलं नाही. रिझवान त्या दिवशी जेवला नाही.

मला फोनवर बोलावलं गेलं, कारण तक्ता माझा.

"अंकल," त्या म्हणाल्या, "मन्नत पूरी नहीं की तो क्या होता है, ये आपने लिखा ही नहीं."

मी म्हटलं, "पूरी करते हैं ना."

"कौन?"

"सब."

त्यांनी विचारलं, "सब?"

"हमारे यहाँ तो सब करते हैं," मी म्हटलं. मला खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं. बावीस वर्षं मी बुडीत येणी लिहिली. लूमच्या धंद्यात कोण कोणाचे पैसे बुडवत नाही? पण नवसाच्या बाबतीत तिसरा रकाना लागतो, 'न फेडल्यास', हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घर गहाण टाकून दुकानदाराला फसवणारा माणूसही देवीचा नारळ बुडवत नाही, असंच मी पाहत आलो होतो. बाईंनी दोन आठवडे दिले. म्हणाल्या, शिक्षा बसवा, नाहीतर हे पास करता येणार नाही.

शिक्षा बसवायला आम्ही तिघे बसलो. सौरभ म्हणाला, आठ दिवसांत फेडला नाही तर ताकद निम्मी. मी म्हटलं, निम्मी एकदम नको. महिना दोन टक्के लावू, चक्रवाढ, म्हणजे माणसाला फेडायला वाव राहील. मी तक्ता करूनही दाखवला. रिझवान हसायला लागला. "काका, ऊपरवाला ब्याज नहीं लेता." मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, त्याच्या अम्मीने ऐकलं की दर्ग्यावरचा पीर लोकांची ताकद कापून घेतो, तर ती त्याला घरात घेणार नाही.

मी ओळखीच्या एका पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, देवी स्वप्नात येते. हे बरं वाटलं. रिझवानने दोन दिवस बसून स्वप्न काढलं: अंधार, मळवट, मोठे डोळे, हात पुढे केलेला. मी ते घरी नेऊन मंगलला दाखवलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "ही देवी आहे की हप्ते वसूल करणारी? असं काही लोकांना दाखवलंत तर मी माहेरी कोणत्या तोंडाने जाऊ?" तिचं म्हणणं बरोबर होतं. देवीला वसुलीला पाठवणं आम्हाला शोभणारं नव्हतं, आणि लोकांनी दगड मारले असते तर तेही बरोबर ठरलं असतं.

पहिला आठवडा असा गेला. सौरभने नोकरीचं पत्र ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलं. मी ते दोनदा ड्रॉवरमध्ये परत ठेवलं.

शनिवारी वहिनी दराब्याचे लाडू घेऊन आल्या. आम्ही तिघे पडलेल्या तोंडांनी बसलेलो पाहून त्यांनी विचारलं, काय झालं. सौरभ म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं." मी मात्र सांगितलं. म्हटलं, वहिनी, नवस बोलला आणि फेडला नाही, तर देवी काय करते?

"देवी कशाला काय करेल, भाऊ?" वहिनी म्हणाल्या. "तिला काय तेवढंच काम आहे? देवी काही करत नाही. लोक विचारतात."

आणि त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. सौरभ दहावीला असताना त्यांनी तापीत एकावन्न दिवे सोडायचं बोललं होतं. तो पास झाला. त्या वेळी घरात पाहुणे, मग पाऊस, मग सौरभच्या वडिलांचं दुखणं, राहून गेलं. देवीने काही केलं नाही. पण शेजारीण विचारायची, सोडले का दिवे? भाजीवाली विचारायची. पिठाच्या गिरणीवर दळण ठेवलं की गिरणीवाला पट्टा बंद करून विचारायचा. वहिनींनी गिरणी बदलली, तर दुसऱ्या गिरणीवाल्याला पहिल्याने सांगून ठेवलेलं. पुढे पुढे त्या भाजीला मागच्या गल्लीने जायला लागल्या. शेवटी गॅसची टाकी आणणाऱ्या नव्या माणसाने, ज्याला त्यांनी आधी कधी पाहिलंही नव्हतं, टाकी उतरवली आणि म्हणाला, "बाई, तुमचेच ना ते दिवे राहिले?"

"त्याच संध्याकाळी तापीच्या राजघाटावर गेले," वहिनी म्हणाल्या. "लाडू खा. तूप साजूक आहे."

सौरभने लाडू घेतला नाही. त्याने खुर्ची वळवली आणि टाइप करायला लागला.

खरं सांगतो, मला ते पटलं नव्हतं. बळातून एक आकडाही वजा होत नाही, थकबाकीदाराचं काही जात नाही, तर मग शिक्षा कसली? मी तसं म्हटलंही. सौरभ म्हणाला, "काका, तुम्ही फक्त आकडा सांगा. कोणी, किती वेळाने विचारायचं."

हा आकडा बसवायला मला चार दिवस लागले आणि माझ्या कामांतलं हेच सगळ्यात चांगलं काम, असं मी समजतो. आधी आम्ही गेममधल्या सगळ्यांना लगेच विचारायला लावलं, तेव्हा तो बाजारातला कालवा झाला. मग उतरंड लावली. पहिले थोडे दिवस कोणी काही बोलत नाही. मग ओळखीची म्हातारी सहज विचारते. मग चहावाला. नंतर पुढच्या गावात, जिथे वाटसरू कधी गेलेला नाही, तिथे शेळ्या वळणारी बाई म्हणते, "तुम्हीच ना ते, नवस राहिलेले?" देवळाबाहेरची फुलवाली विचारते, दर्ग्यावर चादर चढवली का. दर्ग्याबाहेरचे अत्तरवाले चाचा विचारतात, देवी का नारियल हुआ क्या, बेटा. होडीवाला बरोबर नदीच्या मध्यावर वल्हं थांबवून विचारतो, म्हणजे उतरून जाता येत नाही. दरोडेखोर लुटायच्या आधी विचारतो. कोणी रागावत नाही, कोणी ताकद काढून घेत नाही. विचारतात आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात.

मंगलला खेळायला बसवलं. तिने आयुष्यात गेम खेळला नव्हता. तीन नवस बोलली आणि पुढे निघाली. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. थोड्या वेळाने बाहेरून तिचा आवाज आला, "अहो, त्या होडीवाल्याला सांगा, मी देणार आहे म्हणून." मी म्हटलं, त्याला मी काही सांगू शकत नाही. "मग हे बंद कसं करायचं?" मी म्हटलं, नारळ वाहून. ती परत फिरली. वाटेत तिघांनी विचारलं. तिने तिन्ही नवस फेडले आणि मग कुठे चहा घेतला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही गेम हैदराबादला पाठवला. सौरभ बटण दाबत होता तेव्हा वहिनी मागे उभ्या होत्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. आम्ही कोणी विचारलं नाही.

तीन दिवस काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. सौरभने तो उचलून माझ्याच हातात दिला.

मेघनाबाईंचा आवाज थकलेला होता. त्या म्हणाल्या की त्यांनी मुद्दाम एकही नवस फेडायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांचं कामच ते. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी होडी सोडली आणि लांबच्या वाटेने डोंगरातून गेल्या, तिथे एका साधूने मौन सोडून विचारलं. तरी त्या राक्षसापर्यंत पोचल्या. राक्षसाने गदा उचलली, थांबला, खाली घेतली आणि विचारलं. (हे सौरभने ऐन वेळी घातलं होतं, मला न सांगता.)

"उसने भी पूछा, अंकल. राक्षस ने."

"फिर?"

"फिर क्या. वापस गई. सत्रह जगह, पैदल. पूरा एक दिन लगा." मग त्या म्हणाल्या, "उसके बाद लड़ाई देखी. बादल बहुत अच्छे बने हैं. पास है."

मी फोन रिझवानकडे दिला आणि ढगांचं वाक्य त्यांना परत म्हणायला लावलं.

दोन लाख त्याच आठवड्यात जमा झाले. पुढच्या गेमचा करार आला. नोकरीच्या पत्राला सौरभने नम्र नकार लिहिला. मी तो वाचून त्यात 'सखेद' घातलं. गेम आता लोक खेळतात. खाली शेरे लिहितात, ते मी रोज वाचतो. होडीवाल्याबद्दल फार लिहितात. कोणी त्याला शिव्या देतात, कोणी म्हणतात हा अगदी माझ्या आत्यासारखा आहे. ताकदीच्या तक्त्याबद्दल अजून एकानेही लिहिलेलं नाही. तोल नीट सांभाळला की तो कोणाला दिसत नाही, हे मला माहीत आहे. तरी एखाद्याने लिहायला हरकत नव्हती.

मग वहिनींनी सांगितलं, त्या दिवशी मागे उभं राहून काय बोलल्या ते. गेम पास होऊ दे आणि पोरगा गावात राहू दे, इच्छापूरच्या देवीला सौरभच्या वजनाएवढी केळी वाहीन.

सौरभचा चेहरा उतरला. तो पुण्याहून आला तेव्हा बारीक होता. दोन वर्षं खुर्चीत बसून आणि आईचा डबा खाऊन आता तसा राहिला नव्हता, आणि सगळ्यांसमोर पारड्यात बसायचं या कल्पनेनेच त्याला घाम फुटला. तो म्हणाला, आई, वजन घरी करू आणि तेवढे पैसे देवळाला ऑनलाइन पाठवू. वहिनी म्हणाल्या, पैसे बोलले नव्हते, केळी बोलले होते. तो म्हणाला, मग महिनाभर थांब, मी थोडं कमी करतो. यावर त्यांनी मुलाकडे अशा नजरेने पाहिलं की तो येत्या रविवारला तयार झाला.

रविवारी देवळाच्या आवारात मोठा तराजू टांगला. सौरभ मांडी घालून एका पारड्यात बसला. दुसऱ्यात केळीच्या फण्या रचायला सुरुवात करणार, तेवढ्यात वहिनी थांबल्या. म्हणाल्या, लॅपटॉप कुठे आहे? काम त्याने केलं, तो पण पारड्यात हवा. सौरभ म्हणाला, आई, लोक बघतायत. त्या म्हणाल्या, बघू देत. रिझवानने गाडीतून बॅग आणली आणि सौरभच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. वहिनी म्हणाल्या, वायर पण. वायरही ठेवली. फण्यांवर फण्या चढत गेल्या. पारडी समान झाली तेव्हा सौरभ डोळे मिटून बसला होता आणि वहिनी त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी आणखी एक फणी ठेवली. माझ्या हिशेबाने ती जास्त होती. पण ती त्यांनी घरूनच आणलेली होती, आणि मी पहिल्यांदाच काही न मोजता सोडलं.

ती सोडून विकत घेतलेली केळी सत्त्याण्णव किलो भरली. भाव सोळा रुपये किलो, एकूण पंधराशे बावन्न. मी म्हटलं, हे ऑफिसातून देऊ. वहिनींनी ऐकलं नाही. नवस माझा, पेन्शन माझी. तोही मुद्दा बरोबर होता. पण लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा आहे, आणि कंपनीचा भार एका विधवा बाईच्या पेन्शनीवर टाकणं मला मान्य नव्हतं. म्हणून देवळाबाहेरच्या किराणा दुकानात लॅपटॉप वायरसकट वेगळा मोजून घेतला: पावणेतीन किलो.

सौरभचे सव्वाचौऱ्याण्णव किलो, पंधराशे आठ रुपये, सुशीलावहिनींनी केळीवाल्याला दिले. लॅपटॉपचे पावणेतीन किलो, चव्वेचाळीस रुपये, 'यंत्रदेखभाल' या खात्यातून कंपनीने दिले, केळीवाल्याला, रोख.